दोन बोटं कमी

माणसाच्या चेहऱ्यावर आमच्या मावशीचा काडीइतकाही विश्वास नाही. चेहरा हसतो, रडतो, पावडर लावतो, पाहुणे आले की बदलतो. हाडाला यातलं काहीच जमत नाही, तेव्हा माणूस ओळखायचा तो हाडावरून, असं तिचं ठाम मत आहे. गॅलरीच्या टोकाकडून कोण येतंय हे तिला दिसत नाही, कारण चष्मा ती फक्त तांदूळ निवडताना लावते. पण येणाऱ्याचा डावा खुबा दुखतोय, किंवा तो काल कुठेतरी घसरलाय आणि घरी सांगितलेलं नाही, हे ती त्याच्या चालीवरून बसल्या जागी सांगते. ती कुणाचीच सख्खी मावशी नाही. परळच्या भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर, आमच्यापासून दोन दारं सोडून ती एकटी राहायची आणि सगळ्या चाळीची मावशी होती. मूळची मालवणकडची. नवरा गिरणीत होता, तो लवकर गेला. मग ती जवळच्या एका मोठ्या इस्पितळात आया म्हणून लागली आणि हाडांच्या वॉर्डातच एकतीस वर्षं काढून निवृत्त झाली. निवृत्त झाली असं आपलं म्हणायचं. इस्पितळाने तिला सोडलं, तिने हाडांना सोडलं नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीला बघायला मुलाकडची मंडळी आली होती, तेव्हाची गोष्ट. सगळे मुलाला नोकरी विचारत होते, खोली कुठे घेतली विचारत होते. मावशी पोह्यांची बशी हातात धरून त्याच्या पायांकडे बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही. "जरा उकिडवा बस बघू," ती म्हणाली. मुलगा गोंधळून बसला आणि उठताना त्याने टेबलाचा कोपरा धरला. मावशीने मुलीच्या आईच्या कानात सांगितलं, पण तिचं कानातलं बोलणं खालच्या मजल्यावर ऐकू जातं: "नोकरी बरी आहे, गुडघे बघून घ्या." लग्न झालं. जावई सासरी आला की पुढे कितीतरी वर्षं आधी मावशीकडे जाऊन पाय दाखवून येत असे.

तिचं सगळं शास्त्र डॉक्टरांच्या राउंडमागे उभं राहून जमवलेलं. मोठे डॉक्टर शिकाऊ डॉक्टरांना समजावत असायचे, शिकाऊ डॉक्टर जांभया देत असायचे, आणि मागे चादरींचा गठ्ठा घेऊन उभी असलेली ही बाई सगळं कानांत साठवत असायची. "रक्ताला कॅल्शियम लागतंच गो," ती सांगायची. "त्याशिवाय काळीज चालत नाही, हातपाय हलत नाहीत. तू नाही खाल्लंस म्हणून रक्त थांबतंय होय? ते हाडातून ओढून घेतं. आणि हाड बिचारं मुकं. मोडेपर्यंत बोलत नाही." मी दादरच्या एका ज्युनियर कॉलेजात बायॉलॉजी शिकवते. हीच गोष्ट मी अकरावीच्या वर्गाला चाळीस मिनिटं सांगते, फळ्यावर ग्रंथी काढते, हार्मोनांची नावं लिहिते, आणि तिसऱ्या बाकापासून मागे सगळे झोपतात. मावशीचं ऐकताना कुणी झोपलेलं मी पाहिलं नाही. एक तर तिचा आवाज, आणि दुसरं म्हणजे बोलता बोलता ती तुमचं मनगट धरून दाबून बघत असते.

खाण्याच्या बाबतीत तर ती हुकूमशहाच. तिळाचे लाडू तिच्याकडे बाराही महिने. "हाडं काय फक्त संक्रांतीला असतात?" मे महिन्याच्या उकाड्यात ती ज्याच्या त्याच्या हातावर तिळाचा लाडू ठेवायची आणि तो तोंडात जाईपर्यंत हलायची नाही. नाचणीची आंबील, शेवग्याच्या पाल्याची भाजी, दही. मांदेली मासळी काट्यासकट चावून खायची, आणि चावतोय की नाही हे बघायला ती समोर पाट घेऊन बसायची. पहिल्या मजल्यावरची गरोदर सून लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकदम घ्यायची, म्हणजे एकदाचं काम उरकतं. मावशीने तिच्या हातातून पाण्याचा ग्लास काढून घेतला. "एक सकाळी, एक संध्याकाळी. दोघी एका वेळी आल्या तर दारातच भांडतात, आत कुणीच जात नाही." आणि एका काकांनी उत्साहाच्या भरात दिवसाला चार चार गोळ्या सुरू केल्या, तेव्हा त्यांनाही तिनेच झापलं: "हाडात जायचं ते मूत्रपिंडात जाऊन बसेल, मग मुतखड्याने नाचाल गॅलरीभर."

पण नुसतं खाऊन तिचं समाधान होत नसे. ऊन अंगावर घेतलं नाही तर कॅल्शियम तोंडाने आत जाऊन दुसऱ्या वाटेने बाहेर पडतं, हाडाचं तोंडही बघत नाही, हे ती इतक्या तळमळीने सांगायची की ऐकणाऱ्याला त्या हाडाची दया यावी. म्हणून सकाळी दहाच्या सुमारास ती चाळीतल्या बायकांना गच्चीवर न्यायची. अकरा बायका, बाह्या वर सरकवून, पदर सावरून, ओळीने उन्हाकडे पाठ करून बसलेल्या. समोरच्या इमारतीतल्या एका गृहस्थांना वाटलं पाण्यासाठी उपोषण सुरू झालंय. ते पाठिंबा द्यायला येऊन गेले. मावशीने त्यांनाही शर्टाच्या बाह्या वर करून बसवलं.

कुणाच्याही घरात शिरली की तिची नजर आधी जमिनीवर जायची. सुटं पायपुसणं, सतरंजीचा दुमडलेला कोपरा, मोरीपुढचं फडकं, जे दिसेल ते ती उचलून गुंडाळून कपाटावर टाकायची. मी दादरच्या एका प्रदर्शनातून हातमागाची छानशी चटई आणली होती. ती मावशीने दुसऱ्याच दिवशी कपाटावर धाडली. मी खाली काढली, तिने वर टाकली. असं आमचं महिनाभर चाललं. आई दोघींच्या मधे बसून हसायची. घरात आम्ही दोघीच, मी आणि आई. माझ्या लहानपणापासून आईची एकमेव मैत्रीण म्हणजे मावशी, त्यामुळे मावशीचं आमच्याकडे येणं म्हणजे येणं नव्हतंच, ती फक्त दोन दारांपलीकडच्या तिच्या खोलीत झोपायला जायची.

या सगळ्यात चमत्कारिक म्हणजे तिची चौकट. लोक दाराच्या चौकटीवर मुलांची उंची लिहितात. मावशीच्या हिरव्या ऑइलपेंटच्या चौकटीवर चाळीतल्या पन्नाशीपुढच्या बायकांच्या उंच्या होत्या. दर सहा-आठ महिन्यांनी ती एकेकीला चपला काढून उभी करायची, डोक्यावर पट्टी आडवी धरायची आणि पेन्सिलने रेघ ओढून पुढे नाव आणि महिना लिहायची. मुलं हौसेने मापायला आली तर हाकलून द्यायची. "तुम्ही वाढणारच. त्यात बघायचं काय?" तिला वाढणाऱ्यांशी कर्तव्य नव्हतं. तिला कमी होणाऱ्यांची काळजी होती.

आता मला जे सांगायचंय तिथे मी येते. इतका वेळ मी मावशीच्या गमती सांगत राहिले, त्याचं खरं कारण हेच की इथे यायला मला जड जातं.

आईच्या सत्तराव्या वाढदिवसाला मी कॉलेजातल्या लोकांना जेवायला बोलावलं होतं. आमच्या प्रिन्सिपॉल बाई आणि दोन सहकारी. चाळीतल्या घरात त्यांना पहिल्यांदाच बोलावत होते, त्यामुळे सकाळपासून माझा जीव टांगणीला होता. पडदे बदलले, काचेच्या बश्या काढल्या. वडे आणि कोंबडीचा रस्सा मावशीने केला होता, आणि बाई खूश होऊन दुसऱ्यांदा वाढून घेत होत्या. आईची पाठ श्रावणापासून दुखत होती. मी तिला मलम आणून दिलं होतं, वय झालं आता, असं म्हणाले होते. जेवण चालू असताना आई फळीवरची लोणच्याची बरणी काढायला गेली. ती बरणी वर्षानुवर्षं त्याच फळीवर असायची. त्या दिवशी आईने टाचा उंचावल्या, तरी बोटं बरणीपर्यंत पोचेनात.

स्वयंपाकघराच्या दारात जेवत बसलेल्या मावशीने ते पाहिलं. ती तशीच उष्ट्या हाताने उठली, डाव्या हाताने आईचा दंड धरला आणि तिला गॅलरीतून आपल्या दारापर्यंत घेऊन गेली. पाहुणे घास हातात धरून बघत राहिले. दोन मिनिटांनी दोघी परत आल्या. आई ओशाळून हसत होती. मावशी हसत नव्हती. "बाय, दोन बोटं कमी," ती मला म्हणाली. "फाल्गुनात मापली होती, तेवढ्यात दोन बोटं. मणका बसलाय तिचा. उद्याच्या उद्या पाठीचा फोटो काढून आण."

प्रिन्सिपॉल बाईंनी कौतुकाने विचारलं, "ह्या डॉक्टर आहेत का?"

त्यांनी खरंच कौतुकाने विचारलं होतं. मला ते कळलं नाही. मला दिसत होती ती मावशीची रश्शाने माखलेली बोटं, गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, आणि माझ्या काचेच्या बश्या. मी हसून म्हणाले, "छे हो, डॉक्टर कसल्या! ह्या वॉर्डात बेडपॅन द्यायच्या." आणि मग तिच्याकडे वळून, "मावशी, तुम्ही जेवून घ्या. आईचं मी बघते. मी हेच शिकवते कॉलेजात."

जन्मभर मी तिला अगं-तुगं करत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा तुम्ही म्हणाले, आणि ते आदराने नव्हतं हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला समजलं. सहकारी थोडं हसले. मावशी म्हणाली, "होय, बेडपॅनच देत होते." ती खाली बसली, ताटातलं सगळं संपवलं, कारण अन्न टाकणं तिला माहीत नाही. ताट घासून पालथं ठेवलं आणि गेली. आईने मात्र पुढे घास घेतला नाही. तिने ताटातच हात धुतला.

त्यानंतर मावशी मी घरात असताना आमच्याकडे येईनाशी झाली. भांडण नव्हतं. गॅलरीत दिसली तर मान हलवायची. मी कॉलेजला गेले की ती आईसाठी आंबील घेऊन येते हे मला मोरीतल्या विसळलेल्या वाटीवरून कळायचं, आणि आम्ही दोघी मायलेकी त्याबद्दल बोलत नसू. आईला डॉक्टरांकडे न्यायचं मी ठरवलं होतं. सहामाहीचे पेपर झाले की नेऊ, मग प्रॅक्टिकल झाली की नेऊ. एका संध्याकाळी दुसऱ्या दिवसाच्या तासाची तयारी करायला मी पुस्तक उघडलं. धडा हाडांचाच होता. हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराची लक्षणं तिथे छापलेली होती: पाठदुखी, पाठीला बाक येणं, उंची कमी होणं. 'उंची कमी होणं' याखाली लाल रेघ होती. ती मीच, कधीतरी, मुलांना परीक्षेला येईल म्हणून ओढलेली. मी त्या रेघेकडे बराच वेळ बघितलं. मग पुस्तक मिटलं. तेव्हासुद्धा मी उठून मावशीकडे गेले नाही. मावशीचं खरं निघालं असतं ना.

मार्चमधल्या एका सकाळी आई दुधाचं पातेलं घेऊन ओट्यापासून वळली आणि पडली. जमिनीवर काही नव्हतं, पाणी नव्हतं, चटई नव्हती. नुसती वळली. मी ओरडले. गॅलरीतून धावत पहिली आली ती मावशी. चार माणसं आईला उचलायला वाकली होती, त्यांना तिने जागच्या जागी थांबवलं. "हात लावायचा नाही कुणी! पाय बघा, बाहेर वळलाय, आखूड झालाय. खुबा गेला." दोन्ही पायांमधे उशी ठेवून तिने ते साडीने एकत्र बांधले, कुणाच्या तरी घरातून फळी आणवली. आमच्या चाळीचा जिना अरुंद आणि काटकोनात वळणारा. तीन मजले ती बाई, आईपेक्षा दोन वर्षांनी मोठी, आईचा पाय दोन्ही हातांनी सरळ धरून उलटी उतरली. पायऱ्यांकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

इस्पितळात एका तरुण डॉक्टरने फोटो उजेडावर धरून मला दाखवले. खुब्याचं हाड तर मोडलंच होतं. पण पाठीचे दोन मणकेही दबलेले होते. "हे आजचं नाही," तो म्हणाला. "हे निदान सहा-आठ महिन्यांपूर्वीचं. तेव्हाच औषध सुरू झालं असतं तर कदाचित खुबा वाचलाही असता. पाठ दुखत असेल, उंची कमी झाली असेल. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

मावशी माझ्या मागे उभी होती. हातात पेजेचा थर्मास होता.

"नाही," मी म्हणाले. "कुणाच्याच नाही आलं लक्षात."

डॉक्टर गेल्यावर मी वळले, तर मावशी खुर्चीत बसून थर्मासचं झाकण फिरवत होती. "आईला आता काही द्यायचं नाही, ऑपरेशन आहे," ती म्हणाली. "ही तू घे. सकाळपासून उपाशी आहेस." मी ती पेज प्यायले. मीठ बरोबर होतं, गरम होती.

ऑपरेशननंतर ती रोज यायची. मला आईचं काही करता येत नव्हतं. मी नुसती फाइल छातीशी धरून कॉटभोवती फिरायची. बेडपॅन कसा द्यायचा हे मावशीने मला तिथे शिकवलं. आधी कोमट पाण्याने धुऊन पुसायचा, गार लागला की माणूस अंग आखडतो आणि मोडलेल्या जागी कळ येते. कडेला पावडर लावायची, म्हणजे कातडी ओढली जात नाही. चांगल्या बाजूने सरकवायचा, खुबा वळू द्यायचा नाही, आणि हे सगळं करताना पेशंटशी भलत्याच विषयावर बोलत राहायचं, म्हणजे त्याला लाज वाटत नाही. तिने माझ्याकडून तीनदा करून घेतलं. त्या शब्दाचा उच्चारसुद्धा तिने केला नाही, "ते भांडं" म्हणाली. आणि आई शेजारच्या कॉटवरच्या बाईला अभिमानाने सांगत होती, "माझी मुलगी बायॉलॉजी शिकवते."

आई उठली. वॉकर घेऊन चालायला लागली, मग काठीवर आली. तीन महिन्यांनी तपासायला नेलं तेव्हा मी धीर करून त्याच डॉक्टरला सांगितलं, "तुम्ही विचारलं होतं ना, कुणाच्या लक्षात आलं नाही का. आलं होतं. आमच्या शेजारच्या मावशींच्या. त्यांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही." त्याला काही आठवत नव्हतं. "हो का? छान," असं म्हणून त्याने इंजेक्शनची पुढची तारीख लिहिली. मावशी त्या दिवशी आमच्याबरोबर आलेली नव्हती.

मग चाळ पुनर्विकासाला गेली आणि सगळे पांगले. आम्ही लालबागला भाड्याने राहायला लागलो, मावशी वडाळ्याला तिच्या पुतण्याकडे गेली. आईचं आणि तिचं फोनवर रोज बोलणं होतं. मी फोन लावून द्यायची आणि बाहेर जायची. असं वर्ष गेलं. शेवटी एका रविवारी मी एकटीच वडाळ्याला गेले. पुतण्या आणि त्याची बायको बाहेर गेली होती. मावशी खिडकीशी बसून सुकटीचा जवळा निवडत होती, चष्मा लावून, बारीक झालेली. मी समोर बसले आणि बसमधे पाठ केलेलं सगळं विसरून म्हणाले, "मावशी, त्या दिवशी मी तुला सगळ्यांसमोर बोलले. आणि मग इस्पितळात खोटं बोलले. तुझ्या तोंडावर."

ती जवळा निवडत राहिली. मग म्हणाली, "माझं काय गो. एकतीस वर्षं वॉर्डात काढली, माणसं दुखण्यात काय काय बोलतात. पण आईला त्या दिवशी जेवण गेलं नाही. वाढदिवस होता तिचा. त्याचा मला राग आला होता."

"अजून आहे?"

तिने चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं. "थोडा आहे," ती म्हणाली. "जाईल."

मग आम्ही चहा घेतला. आईच्या चालण्याबद्दल तिने खोदून खोदून विचारलं, नव्या बिल्डिंगमधल्या बायकांबद्दल सांगितलं, तिथे ऊन फक्त लिफ्टच्या बाजूला येतं आणि तिथे वॉचमन बसू देत नाही अशी तक्रार केली. मी निघाले तेव्हा ती सोडायला खाली आली. मी नको म्हणत होते, पण तिने माझ्या दंडाला धरलं आणि आम्ही हळूहळू स्टॉपपर्यंत चालत गेलो. दुपार कलत आली होती. माझी बस आली, थांबली, आणि मी चढत नाही हे पाहून निघून गेली. मावशीने माझा दंड सोडला नव्हता. थोड्या वेळाने दुसरी आली. तीही गेली.